खुर्चीच्या पायावर दोन ठोके

मी एक जुनी काठी आहे. मी राहते त्या खोलीच्या भिंतीला खुंटी आहे, पण मला कोणी तिच्यावर टांगत नाही. दाराशेजारच्या कोपऱ्यात उभी करून ठेवतात. कोपरा बरा असतो, दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. तरीही, मित्रांनो, माझं सगळं लक्ष माझ्या खालच्या टोकाकडे असतं. तिथे रबराचं एक बूच बसवलेलं आहे. ते झिजलं तर नाही ना, फरशी कोरडी आहे ना, कोणी घाईघाईनं मला उचलून ओल्या पायरीवर टेकवणार तर नाही ना, हीच चिंता दिवसभर मनात. दुसऱ्याचा तोल सांभाळणाऱ्याला निवांत बसणं कसं जमणार?

मी आधी काठी नव्हते. एका घराच्या दाराची चौकट होते. घरात नवं दार आलं तेव्हा मला उखडून अंगणात टाकलं. त्या घरातल्या थोरल्या मुलीचा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक झाला होता. शाळेपर्यंत ती वडिलांचा हात धरून चालली. कॉलेज सुरू होणार म्हणताच ती म्हणाली, "आता हात नको. काठी करून द्या."

सुतारानं चौकटीतला गाठ नसलेला, सरळ धाग्यांचा भाग निवडला. मुलीला भिंतीशी ताठ उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटाच्या वळीपाशी पेन्सिलीनं खूण केली. वडील म्हणाले, "थोडी लांब ठेवा की. वाढतं अंग आहे."

"काका, ही चड्डी आहे का, खालून दुमडून शिवायला?" सुतार म्हणाला. "लांब झाली तर पोरीचा खांदा वर जाईल. आखूड झाली तर पाठ वाकेल. आहे तेवढीच बरोबर."

त्यानं मला रंधा मारला, काचपेपरनं घासलं, तेल चोळलं, वर हाताला बसेल अशी मूठ बसवली, खाली लोखंडाची टोपी आणि तिच्यावर रबराचं बूच. बुचाला तळाशी गोल गोल रेषा होत्या. त्या रेषाच जमीन धरून ठेवतात. त्या गुळगुळीत झाल्या की मी काठी उरत नाही, नुसतं लाकूड होते.

सुरुवातीला मुलीला माझी लाज वाटायची. ती मला वाचनालयात विसरायची, बाकाखाली ढकलायची. तिची धाकटी बहीण मला शोधून आणायची आणि म्हणायची, "ताई, तुझा पाय विसरलीस." पुन्हा हरवण्याच्या भीतीनं माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मग तिला माझी सवय झाली, आणि मला तिच्या तळहाताची. मित्रांनो, चेहऱ्यापेक्षा तळहात बरंच काही सांगतो. माणूस घाबरला की तळहात आधी गार पडतो आणि मग ओला होतो. आमच्या या मुलीचा तळहात वरचेवर ओला व्हायचा. तोंडावर मात्र काही दिसायचं नाही.

ती संख्याशास्त्र शिकली. एका सरकारी कचेरीत लागली. किती मुलं जन्मली, कुठे जन्मली, जवळचा दवाखाना किती लांब, असल्या गोष्टींचा हिशेब मांडायचं तिचं काम. ती फार कमी बोलायची. समोरच्यानं काही ठासून सांगितलं की एकच शब्द विचारायची, "कशावरून?" त्या एका शब्दानं कचेरीतले मोठमोठे साहेब खुर्चीत चुळबुळ करायचे. आता तिला सगळे बाई म्हणू लागले होते, म्हणून मीही यापुढे बाईच म्हणते.

त्या सुमाराला आरोग्य खात्याला नवे मंत्री आले. दणदणीत आवाजाचे, मोठ्या मनाचे आणि तोंडाला कुलूप नसलेले. त्यांना सगळे साहेब म्हणत. एका पत्रकार परिषदेला आकडे लागतील म्हणून बाईंना त्यांच्या खुर्चीमागे बसवलं होतं. एका पत्रकारानं बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल खोचक प्रश्न विचारला. साहेब तापले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हे खरं निघालं तर मी उद्याच राजी..."

बाईंना काय होतंय ते कळलं. खात्याला महिन्याभरात दुसरा मंत्री मिळणार होता आणि नुकतं कुठे सुरू झालेलं काम पुन्हा फायलीत जाणार होतं. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. हात मात्र हलला. मी साहेबांच्या खुर्चीच्या मागच्या पायावर दोनदा आपटले. ठक, ठक.

साहेब थांबले. पाण्याचा घोट घेतला. म्हणाले, "...राजीखुशीनं तुम्हा सगळ्यांना त्या गावी घेऊन जातो. या माझ्या गाडीतून." सगळे हसले आणि वेळ निभावली.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "बाई, खुर्ची कोणी ठोकली?"

"माझ्या हातून झालं, साहेब. माफ करा."

"माफी कसली मागता? उद्यापासून माझ्याकडे या. आणि काठी घेऊन या."

अशा रीतीनं बाई सल्लागार झाल्या, आणि मीही. आमची पद्धत साधी होती. साहेबांना कुजबूज ऐकू यायची नाही आणि चारचौघांत चष्मा लावायची त्यांना लाज वाटायची. त्यामुळे कानात सांगून उपयोग नव्हता आणि चिठ्ठी देऊनही नव्हता. लाकडातून मात्र ठोका सरळ अंगात जातो. एक ठोका म्हणजे आवरतं घ्या. दोन ठोके म्हणजे थांबा, हे बोलू नका. रबराच्या बुचामुळे आवाज बाहेर जात नसे. साहेबांच्या पाठीलाच तेवढं कळायचं.

बाईंच्या खोलीच्या दारावर पाटी नव्हती. आत एक टेबल, दोन खिडक्या आणि कागदांचे ढीग. मोठमोठी माणसं तिथे यायची, "कशावरून?" ऐकायची आणि घाम पुसत बाहेर पडायची. साहेब कौतुकानं सांगायचे, "माझं डोकं दोन ठिकाणी आहे. एक खांद्यावर, दुसरं खुर्चीमागे." ते ऐकून मला अभिमान वाटायचा. पण अभिमानाच्या आत कुठेतरी बारीक काटा सलायचा. आपला एक ठोका चुकला तर?

आणि तो चुकलाही. एकदा बाई दुसऱ्या खोलीत होत्या आणि मी साहेबांच्या खुर्चीला टेकून उभी होते. साहेब फोनवर त्यांच्या बायकोशी बोलत होते, "हो हो, आज मी जेवायला घरी..." तेवढ्यात झाडणाऱ्याचा धक्का लागला आणि मी खुर्चीच्या पायावर घसरत दोनदा आपटले. साहेब गप्प झाले. मग चाचरत म्हणाले, "...येणार नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनी कचेरीत हजर. "काय हो बाई, तुमची काठी आता आमच्या स्वयंपाकघरातही वाजायला लागली का? नवऱ्याला विचारलं का आला नाहीत, तर म्हणतात, ठोका पडला!"

सगळी कचेरी पोट धरून हसली. बाईही हसल्या. मला हसू आलं नाही. मित्रांनो, साहेबांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. ठोका पडला आणि ते थांबले, एवढंच. मारला कोणी, का मारला, हे विचारायची त्यांची सवयच गेली होती. हे मला खोल कुठेतरी बोचलं. आणि तेव्हा हसताना आणखी एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता, तेही मला आठवतं.

तो साहेबांचा स्वीय सहायक. नेहमी हसतमुख, बोलणं मऊ, म्हणून कचेरीतले लोक त्याला माघारी लोणी म्हणायचे. लोणी बाईंच्या शेजारीच बसायचा. ठोके पडतात हे कचेरीला कळलं होतं, पण किती ठोक्यांचा अर्थ काय, हे साहेब आणि बाई सोडून त्यालाच तेवढं ठाऊक होतं.

वर्षं गेली. साहेबांचं हृदय कुरकुरू लागलं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. त्यांच्या जागेसाठी दोन पुतणे भांडू लागले. एकाला द्यावं तर दुसरा पक्ष फोडणार. तोवर लोणी पक्षात बराच वर चढला होता. त्यानं तोडगा सुचवला, "बाईंना उभं करा. लोक मानतात. आणि त्या कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत." हे कौतुक नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर मागे बसून काम केलं ती पुढेही मुकाट बसेल, असा त्याचा हिशेब होता. त्या दिवसापासून तो बाईंना ताईसाहेब म्हणू लागला.

ते ऐकून बाईंचा तळहात गार पडला. नाही म्हणायचं त्यांनी ठरवलंच होतं. पण संध्याकाळी धाकटी बहीण घरी आली. ती आता डोंगरापलीकडच्या लहान रुग्णालयात प्रसूती विभागाची मुख्य परिचारिका होती. ती म्हणाली, "ताई, इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडानं बोललीस. एकदा स्वतःच्या तोंडानं बोल की. आमचा विभाग बंद करायचं घाटतंय म्हणतात. तू तिथे असलीस तर निदान कोणी विचारेल तरी, कशावरून म्हणून."

बाई उभ्या राहिल्या. प्रचाराचे दिवस माझ्यासाठी फार कष्टाचे होते. खडी, चिखल, उंच पायऱ्या, उसाच्या गाड्यांसारखी डुलणारी लाकडी व्यासपीठं. माझ्या बुचाच्या रेषा एकेक करून पुसट होत गेल्या. त्यातून भिंतीवर फोटो लागले, ते पाहून मी हादरलेच. फोटोत बाई होत्या, मी नव्हते. "काठी कमजोर दिसते, ताईसाहेब," असं सांगून लोणीनं मला छापखान्यातच पुसून टाकलं होतं. बाईंचा उजवा हात नुसताच हवा धरून उभा होता. लोक फोटोखाली थांबून विचारायचे, "यांनी हातात काय धरलंय?" आणि बाई समोर आल्या की म्हणायचे, "ह्याच की त्या काठीवाल्या बाई. मग काठी कुठं ठेवली?" तेवढंच मला बरं वाटायचं.

बहिणीच्या रुग्णालयासमोर सभा झाली. पुढच्या रांगेत पोटुशा बायका होत्या, कडेवर मुलं घेतलेल्या आया होत्या. एक म्हातारी उठून म्हणाली, "बाई, हा विभाग जाणार म्हणतात. खरं सांगा, ठेवणार का?"

बाईंनी किती माणसांना किती वचनांपासून थांबवलं होतं! मी वाट पाहत राहिले, आता कोणीतरी ठोका देईल. पण मागे कोणीच नव्हतं. बाई म्हणाल्या, "ठेवणार. मी तिथे आहे तोवर तरी नक्की ठेवणार." त्यांच्या तळहाताला दरदरून घाम सुटला होता. माझी मूठ निसटते की काय, अशी मला धास्ती वाटली.

बाई निवडून आल्या.

विधिमंडळाचं सभागृह तुम्ही पाहिलं आहे का? मला तर त्याची फरशी पहिल्यांदा दिसली तेव्हाच धडकी भरली. गुळगुळीत, चकाकती, रोज सकाळी पुसलेली. त्यात माझं बूच एका बाजूनं पार झिजलेलं. बहीण दर भेटीत म्हणायची, "ताई, बूच बदल." बाई म्हणायच्या, "बदलते गं, या आठवड्यात." पण तो आठवडा काही उगवत नव्हता. मी प्रत्येक पावलाला श्वास रोखून असायचे.

बाईंच्या मागच्या बाकावर लोणी बसायचा. तो आता पक्षाचा प्रतोद झाला होता. प्रतोद म्हणजे पक्षाच्या सदस्यांनी कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं आणि मत कुठे टाकायचं हे बघणारा माणूस.

थोड्याच दिवसांत तो प्रस्ताव आला. ज्या लहान रुग्णालयांत बाळंतपणं कमी होतात, तिथले प्रसूती विभाग बंद करून सगळ्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. प्रस्ताव बाईंच्याच पक्षाचा होता. डोंगरापलीकडून शहराकडे येणारा रस्ता वळणावळणाचा होता आणि दरड कोसळली की बंद पडायचा. कितीतरी बायकांना अर्ध्या वाटेतच कळा येणार होत्या. बाईंना हे तोंडपाठ होतं. त्यांनी बोलायला वेळ मागून घेतला.

पाळी आली तेव्हा त्या उठल्या. दोन्ही हातांत कागद धरायचे होते, म्हणून मला त्यांनी बाकाच्या पाठीला अडकवून ठेवलं आणि बारीक पाय बाकाला टेकवून त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, या प्रस्तावात रुग्णालयाचं अंतर नकाशावर मोजलेलं आहे. ते मोजायला हवं होतं..."

एवढ्यात माझ्या अंगाला एक परका हात लागला. मऊ आणि कोरडा. लोणीनं मला मागून अलगद उचललं आणि बाईंच्या बाकाच्या पायावर दोनदा टेकवलं. ठक, ठक.

मित्रांनो, काठी कोणाच्या हातात जायचं हे ठरवू शकत नाही. मी जीव तोडून अडायचा प्रयत्न केला असता, तर काय फरक पडला असता? ठोका लाकडातून बाकात गेला, बाकातून त्यांच्या पायात. आणि बाई थांबल्या. जसे साहेब थांबायचे, तशाच. वाक्य अर्धं राहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "सदस्यांचं झालं का?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कोणीतरी खुदकन हसलं. चर्चा पुढच्या बैठकीपर्यंत लांबली. बाहेर पडताना लोणीनं मला दोन्ही हातांत धरून नम्रपणे पुढे केलं. "ताईसाहेब, तुमची काठी पडत होती. सावरली."

बाईंनी मला घेतलं. त्यांचा तळहात बर्फासारखा होता.

घरी बहीण वाटच पाहत होती. तिनं रेडिओवर ऐकलं होतं. "ताई, तू बसलीस का गं?"

"ठोका पडला."

"कोणाचा?"

"काठीचाच. लोणीनं मारला."

"लोणीनं मारला, हे तुला तेव्हा कळलं होतं?"

बाईंनी मान खाली घातली.

"म्हणजे कळलं होतं! आणि तरी बसलीस?"

"कळायच्या आधीच बसले होते गं," बाई म्हणाल्या. "पाय आपोआप मुडपले. मी इतकी वर्षं दुसऱ्याला लावलेली सवय मलाच कधी लागली, मला समजलंच नाही."

बहिणीनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "उद्या विभागातल्या बायका विचारतील. काय सांगू त्यांना?"

त्या दिवशी मला कोपऱ्यात न ठेवता पलंगाखाली सरकवलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मला चुलीत घातलं तरी चालेल.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा काढलं आणि आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब घरामागच्या बागेत खुर्ची टाकून बसले होते. आता बिनदिक्कत चष्मा लावत होते.

"या बाई. तुमचं भाषण ऐकलं. छान होतं, जेवढं होतं तेवढं."

"टोमणे मारा, साहेब. मारायलाच हवेत."

"टोमणा नाही हो. मला माझीच आठवण झाली." साहेब हसले. "सुरुवातीला तुमचा ठोका पडला की मी थांबायचो, आणि मग विचार करायचो, बाईंनी का थांबवलं बरं? मग पुढे पुढे नुसतंच थांबायला लागलो. विचार करायचं कामच उरलं नाही. फार आरामाचं असतं ते."

"मग यावर उपाय काय?"

"उपाय ठाऊक असता तर मी हृदय घेऊन इथे बसलो असतो का?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण एक सांगतो. मैदानातल्या सभांना तुम्ही माझी खुर्ची माइकला चिकटून ठेवायला लावायचात. मी मात्र बोलता बोलता पुढे सरकायचो. तुम्हाला वाटायचं, माझं भान हरपलं. भान नव्हतं हरपलं, बाई. खुर्चीपासून लांब गेलो की ठोका लागत नसे. तिथे जे बोललो ते कधी बरोबर होतं, कधी चुकलं. पण माझं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बागेतल्या ओल्या वाटेवरून परतताना त्या एकदम थांबल्या. माझं टोक किंचित सरकलं होतं.

"बूच," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बैठकीच्या दिवशी सकाळी बहिणीनं मला मांडीवर आडवं घेतलं. जुनं बूच ओढून काढलं आणि बाईंना दाखवलं. एका बाजूनं ते कागदासारखं पातळ झालं होतं, आतल्या लोखंडाची कड डोकावत होती. "हे बघ. हे घेऊन तू त्या आरशासारख्या फरशीवर चालतेस! माझी पेशंट असतीस तर तुला चालूच दिलं नसतं!" तिनं नवं बूच दाबून बसवलं, मला जमिनीवर टेकवून सगळा भार टाकून पाहिला. मी तसूभरही हलले नाही. कितीतरी दिवसांनी मला माझ्या पायाखाली जमीन लागली.

सभागृहाच्या दाराशी लोणी उभा होता. अगदी आपुलकीनं म्हणाला, "ताईसाहेब, आज मत देऊन मोकळ्या व्हा. बोलायची तसदी घेऊ नका. बोललात तर पुढच्या वेळी तिकिटाचं अवघड होईल, बरं का."

"कशावरून?" बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. पण मला सगळं कळत होतं. त्यांची नाडी माझ्या मुठीवर धडधडत होती.

पाळी आली. बाई उठल्या. मला त्यांनी बाकाला अडकवलं नाही. कागद बाकावरच ठेवले, मला उजव्या हातात धरलं आणि एक पाऊल बाजूला टाकून मधल्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. आता त्यांचा पाय कशालाही टेकलेला नव्हता. त्यांना आधार फक्त माझा होता, आणि मला त्या नव्या बुचाचा.

अध्यक्ष म्हणाले, "सदस्यांनी आपल्या जागेवरून बोलावं."

"महोदय, बाकाला टेकून उभी राहिले की मला बोलता येत नाही. मागच्या खेपेला सगळ्यांनी ते पाहिलंच."

हशा पिकला. अध्यक्षही हसले. "बरं. एका पावलाची मुभा आहे. दुसरं टाकू नका."

"अध्यक्ष महोदय, या प्रस्तावात रुग्णालयाचं अंतर नकाशावर मोजलेलं आहे. ते मोजायला हवं होतं..."

ठक, ठक. लोणीनं या वेळी पेन घेतलं होतं. आवाज चांगला मोठा आला. बाकातून पायात जाणार नाही हे त्याला कळलं असावं, म्हणून त्यानं तो कानांसाठी वाजवला.

बाई थांबल्या. माझ्या मुठीवरची बोटं आवळत गेली, त्यांच्या अंगाचा सगळा भार माझ्यावर आला आणि बारीक पाय थरथरू लागला. ती थरथर माझ्यातून खाली उतरली. घसरले असते तर त्या क्षणीच घसरले असते. मी जमीन धरून राहिले. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

मग बाईंनी एक गोष्ट केली, जी साहेबांनी कधी केली नव्हती. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. ठोका कुठून आला ते नीट बघून घेतलं. लोणीच्या हातातलं पेन तसंच वर राहिलं. मग त्या पुन्हा पुढे वळल्या.

"...ते मोजायला हवं होतं कळा सुरू झालेल्या बाईच्या घड्याळावर."

पुढे त्या बऱ्याच बोलल्या. आवाज शेवटपर्यंत कापत होता. धीटपणे बोलल्या असं मी सांगणार नाही, कारण तळहात माझ्यावर होता आणि तो पूर्ण वेळ भिजलेला होता. पण वाक्य एकही अर्धं राहिलं नाही. दरड, रस्ता, रिकाम्या गाडीची वाट बघण्यात जाणारा वेळ, सगळं त्यांनी सांगितलं. त्या खाली बसल्यावर दुसऱ्या बाजूचा एक सदस्य उठला आणि त्यानं मंत्र्यांना विचारलं, "हे अंतर पुरेसं आहे असं आपण म्हणता, ते कशावरून?" मंत्री नुसतीच फाइल चाळत राहिले.

प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला आणि पुन्हा कधी आला नाही. पुढच्या निवडणुकीत बाईंना तिकीट मिळालं नाही. त्या बाबतीत लोणीनं आपला शब्द पाळला.

आता बाईंचे दोन्ही गुडघे दमले आहेत. त्यांना चार पायांचा वॉकर मिळाला आहे. त्याचा मला हेवा वाटत नाही. चार पाय म्हणजे चार बुचं. बिचाऱ्याची काळजी चौपट. मला त्यांनी बहिणीच्या त्या प्रसूती विभागात देऊन टाकलं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या आया दुसऱ्या दिवशी मला धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जातात. त्यांचे तळहातही ओले असतात. मला त्याची सवय आहे.

परवा बाई इथे आल्या होत्या. बहीण आता निवृत्त झाली आहे, तरी दोघींना भेटायला हीच खोली लागते. बाई खुर्चीत बसून काहीतरी रंगात येऊन सांगत होत्या. मावशी फरशी झाडत होत्या. त्यांचा झाडू मला लागला, मी कोपऱ्यातून सरकले आणि बाईंच्या खुर्चीच्या पायावर दोनदा आपटले. ठक, ठक. माझ्या काळजाचं पाणी झालं.

"...तर मी लोणीला म्हटलं," बाई सांगत होत्या, "आधी तू ते पेन खाली ठेव, मग माझ्याशी बोल." आणि त्या सांगतच राहिल्या. एका हातानं मला उचलून शेजारी टेकवलं तेवढं, पण बोलणं तुटलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी काठी असेल तर आज तिला उलटी करून बघा. बुचाच्या रेषा दिसत नसतील, एक कड पातळ झाली असेल, तर नवं बूच आणा. या आठवड्यात आणू म्हणू नका; तो आठवडा येत नाही. आणि कधी कोणी बोलायला उभं असेल, त्याचा आवाज कापत असेल, आणि त्याची काठी तुमच्या हाताशी असेल, तर ती त्याच्या हातात द्या. तुमच्या हातात ती ठोके मारेल. त्याच्या हातात ती त्याला उभं ठेवेल. मी दोन्ही हातांत राहून आले आहे, म्हणून सांगते.